मालनबाईची विळी आणि लीकचं रान

मित्रांनो, तुमच्या नव्या स्वयंपाकघरात मला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे सगळे उभ्यानं काम करतात. माझ्यापाशी यायचं तर आधी खाली बसावं लागतं, पाटावर पाय दाबून धरावा लागतो आणि मान जरा लववावी लागते. होय, ओळखलंत. मी एक जुनी विळी आहे. माझ्या पात्याची रुंदी झिजून निम्म्यावर आली आहे आणि पाटाला एक चीर गेली आहे. पण जी हकिगत मला सांगायची आहे, ती माझी कमी आणि मालनबाईची जास्त आहे. तिच्या पायाखाली राहूनच मी सारं पाहिलं, म्हणून ती माझीही झाली.

माझं पातं मूळचं एका एसटी गाडीच्या स्प्रिंगमधलं. खड्ड्याखड्ड्यांतून धक्के खाऊन ती स्प्रिंग मोडली आणि भंगारात पडली. स्वारगेटजवळ रस्त्याच्या कडेला एका घिसाडी कुटुंबानं पाल ठोकलं होतं. तिथे त्या लोखंडानं पुन्हा विस्तव पाहिला. बाई भाता ओढत होती, नवरा घण घालत होता. मला तापवलं, ठोकलं, चंद्रकोरीसारखं वाकवलं आणि बाभळीच्या पाटात घट्ट बसवलं.

मालनबाई तेव्हा नव्यानंच लग्न होऊन आली होती. सासूच्या जागी मंडईत भाजी विकायला बसायचा तिचा तो पहिलाच दिवस. कात्रजहून येणाऱ्या बसमधून ती उतरली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली. अंगठ्याच्या नखावर तिनं माझी धार पाहिली.

“बाई, ही वाकायची न्हाय,” घिसाडी म्हणाला.

“मी बी न्हाय,” मालनबाई म्हणाली आणि मला पिशवीत टाकलं.

मालनबाईचा नवरा कोंडीराम. कात्रजच्या घाटाखाली, ओढ्याच्या काठाला त्याचं आणि त्याचा धाकटा भाऊ रावसाहेब याचं मिळून एक रान होतं. रान मोठं नव्हतं, पण पाणी बारमाही होतं. मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर तिथे पिकायची आणि मालनबाई ती मंडईत विकायची. दिवसभर मी तिच्या गाळ्यावर असे. कोबीची बुडं छाटायची, लाल भोपळ्याच्या फाका करायच्या, सुरणाचं साल काढायचं. संध्याकाळी ती मला फडक्यात गुंडाळून घरी न्यायची आणि तिथे पुन्हा मीच. दुसऱ्या विळीनं तिचा हात म्हणे अवघडायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, “भोपळा मालनबाईंकडूनच घ्यावा, फाक कशी आरशासारखी असते!” ते ऐकून मला वाटे, जगात आपल्याइतकं सुखी लोखंड दुसरं नसेल.

मग नव्वदीनंतरची वर्षं आली. पुण्यात नवी हॉटेलं उभी राहिली. परदेशी कंपन्यांच्या पाट्या लागल्या. जिकडेतिकडे स्कूटरी आणि मोटारी झाल्या. मंडईत एका कोपऱ्यात, लोक ज्यांना ‘इंग्लिश भाज्या’ म्हणत, त्या दिसू लागल्या. कात्रजच्या बाजूला शेतांच्या बांधावरून बिल्डरांच्या गाड्या फिरू लागल्या. रावसाहेबाच्या मनानं तेव्हाच घेतलं, की रान विकायचं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला दोन मुलगे होते. त्यांनी शिकावं, चांगल्या घरात राहावं, चिखलात पाय घालू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

कोंडीरामाला रान सोडवत नव्हतं आणि भावाला नाही म्हणवत नव्हतं. अशात एका बड्या हॉटेलचा खरेदीचा माणूस मंडईत आला. मालनबाईचा माल पाहून खूश झाला आणि म्हणाला, “तुमच्या रानाला पाणी आहे ना? मग लीक लावा. बी मी देतो. जेवढा होईल तेवढा सगळा आम्ही उचलू.”

लीक म्हणजे काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या माणसानं चित्र दाखवलं. कांद्याच्या पातीसारखंच, पण मनगटाएवढं जाड. खाली कांदा नाही, नुसता पांढरा दांडा, आणि वर पंख्यासारखी पानं. दांडा पांढरा व्हावा म्हणून रोप वाढेल तशी त्याला मातीची भर द्यायची.

कोंडीरामानं भावाला सांगितलं, “एवढं एक पीक बघू. हे फसलं तर तुझं खरं. मी सही करीन.”

रावसाहेबानं मान डोलावली. पावसाळा सरल्यावर सऱ्या पडल्या, रोपं लागली. थंडीनं लीक असा काही पोसला, की येणारीजाणारी माणसं बांधावर थांबून बघत. कोंडीराम रोज भर लावायचा आणि रात्री पाठ चोळत म्हणायचा, “नवं पीक लई लाडाचं असतं बग.”

संक्रांत झाली, पीक तयार झालं आणि हॉटेलच्या माणसाचा निरोप आला. त्यांचा मुख्य आचारी बदलला होता. नव्या आचाऱ्याला माल दुसरीकडून हवा होता. लीक नको.

त्या दिवशी कोंडीराम ओसरीवर बसून राहिला. रावसाहेब आला. त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, “दादा, तू कष्टाला कमी न्हाय पडलास. पन आता पुरं. परवा त्या बिल्डरला बोलावतो. सही करून मोकळा हो.”

“बोलाव,” कोंडीराम म्हणाला.

मालनबाई आतून भाकरी थापता थापता आली. हाताचं पीठही तिनं झटकलं नव्हतं.

“पीक उभं हाय अजून,” ती म्हणाली. “पडल्यावर सही करा.”

“वहिनी, ते कोन घेनार? कुनाला नाव तरी ठावं हाय का?”

“मी विकीन. मंडईत. समदं.”

“समदं? उन्हाळा लागला की त्याला फुलाचा दांडा फुटंल, लाकूड हुईल त्याचं.”

“मग होळीपातुर,” मालनबाई म्हणाली. “होळीपातुर रान रिकामं न्हाय झालं, तर मी सोता तुमच्या भावाच्या हातात पेन दीन.”

रावसाहेब हसला. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता, कीव होती. मालनबाईला ती अधिक झोंबली.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर मेथी-शेपूच्या शेजारी लीकची रास लागली. पांढऱ्याशुभ्र दांड्यांवर हिरवी पानं. मित्रांनो, दिसायला ती भाजी राजबिंडी होती. पण पुण्यातलं गिऱ्हाईक दिसण्याला भुलत नाही.

“काय हो, कांद्याची पात तालमीत जाते वाटतं?” एक गृहस्थ म्हणाले.

“लीक हाय, साहेब.”

“लीक? मग प्लंबरला बोलवा की!” असं म्हणून ते शेजारच्या गाळ्यावर मटार घ्यायला गेले.

दिवसभर हेच चाललं. लोक हात लावून बघत, नाव विचारत, विनोद करत आणि कोथिंबीर घेऊन जात. दुपारी दुर्गाबाई आल्या. शनिवार पेठेत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, मालनबाईचं जुनं गिऱ्हाईक. भाजी घेतानासुद्धा त्या परीक्षा घेतल्यासारख्या बघत.

“ही कशी करतात?” त्यांनी विचारलं.

“कांद्याच्या पातीवानी,” मालनबाई म्हणाली.

“तुम्ही केलीत?”

मालनबाई राशीतली पानं सारखी करू लागली.

“चव कशी असते?”

मालनबाईनं शेपूची जुडी पुढे केली.

“अहो मालनबाई, आपण जे खाल्लं नाही ते दुसऱ्याला खा म्हणून सांगू नये. आधी खा, मग विका,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि शेपूची जुडी घेऊन चालत्या झाल्या.

मालनबाईचा चेहरा उतरला. पण तो थोडाच वेळ. मग तिनं लीकच्या राशीतली सगळ्यात चांगली गड्डी उचलली आणि पिशवीत टाकली. “खरं हाय बाईंचं,” ती स्वतःशीच म्हणाली.

घरी तिनं मला मांडलं आणि लीक आडवा धरून चकत्या करू लागली. कांदा कापताना पातं सरसर जातं. इथे मात्र दर दोन चकत्यांनी माझ्या धारेला काहीतरी कच्चकन लागत होतं. माती! भर लावताना ती थेट पानांच्या घड्यांत शिरून बसली होती. मला ती कळली, पण मला कुठे बोलता येत होतं? मालनबाईनं चकत्या वरवर धुतल्या, मोठ्या आचेवर फोडणी केली, तिखट घातलं आणि भाजी परतली. बाहेरून ती करपली आणि आतून चिवट राहिली.

कोंडीरामानं पहिला घास घेतला आणि चावणं थांबवलं.

“कसं झालंय?”

“आपलंच रान हाय,” तो म्हणाला. “दाताखाली कचकच लागतंय.”

त्यांची मुलगी तनुजा तेव्हा शाळकरी होती. ती खो खो हसली. मालनबाईलाही हसू आलं, पण भाजीचं पातेलं तिनं स्वतःच संपवलं. घासाघासाला ती थांबून विचार करत होती. दुसऱ्या दिवशी तिनं लीक सबंधच चोळून चोळून धुतला आणि पाण्यात उकडला. तो बुळबुळीत झाला आणि माती आतच राहिली. तिसऱ्यांदा तिनं मांडी घातली, पण लगेच कापलं नाही. एक दांडा हातात घेऊन एकेक पान सोलत ती आत आत जात राहिली. प्रत्येक पानाच्या काखेत मातीची बारीक रेघ होती.

“हितं बसलीयास व्हय तू!” ती मातीला म्हणाली.

मग तिनं दांडा माझ्या पात्यावर उभा धरला आणि बुडखा तेवढा सोडून वरपासून खालपर्यंत चिरला. वहीची पानं उघडावीत तसा तो उघडला. बादलीभर पाण्यात तिनं तो उलटा धरून खळखळ हलवला. पाणी गढूळ झालं आणि माती तळाला बसली. पाणी बदलून पुन्हा एकदा. मग बारीक चकत्या. त्या दिवशी माझी धार लोण्यातून जावी तशी गेली.

आचही तिनं बदलली. थोड्या तेलात मोहरी-हिंग, चिमूटभर मीठ, लीकच्या चकत्या आणि वर झाकण. कांद्यासारखं लाल करायचं नाही, नुसतं मऊ होऊ द्यायचं. हळूहळू घरात असा काही गोडसर वास सुटला, की तनुजा पुस्तक टाकून आली. मग तिनं वरून बेसन भुरभुरवलं, पाण्याचा हबका मारला आणि झुणका केला. कोंडीरामानं ताट पुसून घेतलं. त्यानं ताट पुढे केलं, आणखी वाढून घेतलं आणि पुन्हा पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी मालनबाई मंडईत आली ती झुणक्याचा डबा आणि ज्वारीची भाकरी घेऊनच. दुर्गाबाई दिसताच तिनं हाक मारली, “बाई, म्या खाल्लंय. आता तुमी खावा.”

दुर्गाबाईंनी चष्मा सावरला. भाकरीचा तुकडा मोडला, झुणका लावला, तोंडात टाकला. आजूबाजूच्या गाळेवाल्या हात थांबवून बघत होत्या.

“मीठ कमी आहे,” दुर्गाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “एक गड्डी द्या.”

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. “मुगाच्या वरणात घातली. आमच्या ह्यांनी वाटी चाटून पुसून खाल्ली. अर्थात त्यांना काहीही चालतं म्हणा. तरी दोन द्या.”

तिथून लीक हलू लागला. पण मित्रांनो, एवढ्यानं भागणार नव्हतं. रान भरलेलं होतं आणि ऊन रोज चढत होतं. त्यात एका सकाळी एक बाई तणतणत आली. तिनं लीकची पिशवी गाळ्यावर आपटली. “भाजी विकता की वाळू? पाहुण्यांपुढे लाज गेली माझी!” तिच्यापाठोपाठ आणखी दोघी तीच तक्रार घेऊन आल्या. चार गिऱ्हाइकं उभी होती, तीही पांगली. मालनबाईनं धुवायची रीत सगळ्यांना तोंडानं सांगितली होती. पण घाईत ऐकतं कोण?

तिनं तिघींनाही नवा माल दिला, हात जोडले आणि शेजारणीला गाळ्याकडे बघायला सांगून बाहेर गेली. परत आली ती दोन बादल्या घेऊन. नळावरून पाणी भरून आणलं, मला पुढ्यात मांडलं आणि ठणकावून म्हणाली, “आजपासनं हितं कुनाला न धुता लीक द्यायचा न्हाय!”

त्या दिवसांसारखे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मालनबाई लीक उभा चिरायची, पाण्यात खळबळायची, झटकायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. थंड पाण्यानं तिची बोटं पांढरी पडत, भेगांतून रक्त येई. रोज घरी गेल्यावर ती बोटांना खोबरेल तेल लावायची आणि उरलेला थेंब माझ्या पात्यावर फिरवायची. गढूळ पाणी समोर दिसू लागलं तसं लोकांना पटलं. हिरवी पानं चिवट म्हणून लोक टाकून देत. मालनबाई म्हणायची, “टाकू नगा, उकळून पानी काढा, आमटीला घाला.” बटाट्याबरोबर शिजवून, घुसळून, लोणी आणि मिरपूड घातलेलं सार कसं करायचं, ते एका गिऱ्हाइकानं तिला सांगितलं आणि तिनं ते पुढच्या शंभरांना सांगितलं.

दुर्गाबाई तर गाळ्यापाशी उभ्याच राहू लागल्या. कुणी नवखी बाई लीक आडवा धरून बघू लागली, की त्या मागून म्हणत, “उभा! उभा चिरायचा. आडवा चिरलात तर दाताच्या डॉक्टरचं भलं होईल.” आपल्या भिशीच्या सगळ्या बायकांना त्यांनी एकदा ओळीनं गाळ्यावर आणून उभं केलं होतं.

रावसाहेबही एकदा मंडईत येऊन गेला. लांबूनच बघत होता. मालनबाईच्या पदराला माती, कोपरापर्यंत ओले हात. त्याला वाटलं असावं, आता ही थकेल. तो जवळ आला आणि म्हणाला, “वहिनी, कशापायी हा जिवाला तरास? पैका घरबसल्या येतोय.”

“भावजी, बाजूला सरका,” मालनबाई म्हणाली. “पानी उडंल तुमच्या कापडावर.”

होळीच्या आदल्या दिवशी कोंडीरामानं रान फिरून पाहिलं. ओढ्याच्या कडेच्या दोन सऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांना मधून फुलांचे दांडे फुटले होते. बाकी सगळं रान मोकळं, नांगराची वाट बघत पडलेलं. मालनबाई त्या दोन सऱ्यांसाठी हळहळली. पण कोंडीराम म्हणाला, “ऱ्हाऊ दे. फुलू दे. बी धरू.”

संध्याकाळी रावसाहेब आला. त्यानंही रान पाहिलं होतं.

“एका पिकानं काय हुतंय, वहिनी?”

“एका सहीनं समदं जातंय, भावजी.”

कोंडीराम इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली. “रावसाहेब, तुझा हिस्सा तुझा. तू काय करायचं ते कर, माझी ना न्हाय. माझा मी ठेवनार.”

वाटणी झाली. रावसाहेबानं आपला अर्धा भाग विकला. तिथे मोठी इमारत आली आणि त्याला वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. दोन्ही घरांचं बोलणं मात्र हळूहळू तुटलं. लग्नकार्यात समोर आले तरी दोघे भाऊ दुसरीकडे बघत.

वर्षं गेली. कात्रजच्या रस्त्यावर पूल झाला, गर्दी झाली. हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी गावाच्या नाक्यावर थांबू लागल्या. तनुजाही इंजिनिअर होऊन तसल्याच एका बसनं जाऊ लागली. परदेशी जाऊन आलेली तिच्या कंपनीतली मुलं-मुली आता मालनबाईला शोधत मंडईत येत. “मावशी, फ्रेश लीक आहे ना? सूपसाठी हवाय, वीकेंडला.” त्यांना नाव सांगावं लागत नव्हतं. धुवायचं कसं ते मात्र सांगावंच लागे.

मग मालनबाईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही, म्हणून बजावलं. मंडईतला गाळा भाचीकडे गेला. तनुजानं घरात ग्रॅनाइटचा ओटा बांधला, प्लास्टिकची पाटी आणि चकचकीत सुरी आणली. “आई, आता उभ्यानं चिरायचं,” असं म्हणून तिनं मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. तिनं हे मायेनंच केलं, मी तिला दोष देत नाही. पण मित्रांनो, काम नसलेल्या लोखंडाला गंज फार लवकर शोधून काढतो. शेजारी एक फुटका मिक्सर आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा. ना पाण्याचा आवाज, ना कुणाचा हात. खालून कधी फोडणीचा वास येई आणि मी अंधारात पडून ओळखत बसे, आज काय चिरलं असेल.

एक दिवस खाली दारात रडवेला आवाज आला. रावसाहेबाची बायको शकू आली होती. कित्येक वर्षांनी.

“ताई, ह्यांचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पन अन्नावरची वासनाच उडालीया. मुलगे अमेरिकेत. काय बी करून वाढलं तरी ताट सरकवत्यात. डॉक्टर म्हनत्यात, असं न्हाय चालायचं. मला काय सुचंना, म्हनून तुमच्याकडं आले.”

मालनबाईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. क्षणभर ती कोंडीरामाकडे बघत राहिली. कोंडीराम उठला आणि रानात गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात कोवळ्या लीकची गड्डी होती.

“तनुजा,” मालनबाई म्हणाली, “माळ्यावरनं माझी विळी काढ.”

“आई, काकूंकडे सुऱ्या असतील की.”

“असू दे. मला भावजींच्या घरी माझ्या हातचं करायचंय.”

रस्त्यावर सायकलवाला धार लावणारा आला होता. त्याच्या चाकावर माझा गंज ठिणग्या होऊन उडाला. वेदना झाल्या, पण त्या हव्याशा होत्या. मग मालनबाईच्या पिशवीत बसून मी पहिल्यांदाच लिफ्टनं वर गेले.

रावसाहेब बाल्कनीतल्या खुर्चीत होता. केवढा वाळला होता! वहिनीला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

“बसा भावजी,” ती म्हणाली. आणि शकू “खुर्ची आनते” म्हणेपर्यंत मालनबाईनं दात आवळले, भिंतीला धरलं आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी ती त्याच्यासमोर फरशीवर खाली बसली. पाटावर पाय ठेवला. शकूनं पाण्याचं घमेलं आणून दिलं. रावसाहेब बघत होता. पान अन् पान उलगडत होतं, माती तळाला जात होती.

मालनबाईनं लीक आणि बटाटा मऊ शिजवला, घोटला, दुधाचा हात लावला. तिखट नाही, मसाला नाही, जरा मीठ आणि वर चमचाभर तूप. वाटी त्याच्या हातात दिली. त्यानं एक चमचा घेतला. मग दुसरा. शकूनं पदर तोंडाला लावला. वाटी रिकामी झाली तेव्हा त्यानं ती खाली ठेवली नाही, हातातच धरून तो बाल्कनीच्या कठड्यापलीकडे बघू लागला. खाली चारी बाजूंनी इमारती होत्या आणि त्यांच्या मधोमध कोंडीरामाचं हिरवं रान.

“वहिनी,” तो म्हणाला, “हितनं बघितलं की तुमचं रान टिकलीएवढं दिसतंय.”

“टिकली कपाळावर असली म्हंजे पुरती, भावजी,” मालनबाई म्हणाली.

रावसाहेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून तो म्हणाला, “दादाला उद्या वर पाठवशीला? म्हनावं, लिफ्ट हाय. दम लागायचा न्हाय.”

“न्हाय पाठवायची,” ती म्हणाली. “तुमीच खाली यायचं. धाप लागली तर थांबून थांबून या. बांधावर बसायला खुर्ची टाकते.”

तो आला. दुसऱ्या दिवशी नाही, पण आठवडाभरात आला, शकूच्या खांद्यावर हात टेकून. दोघे भाऊ बांधावर शेजारी शेजारी बसले. काय बोलले ते मला माहीत नाही. मी घरात होते आणि दोन घरांच्या जेवणाची भाजी चिरत होते.

मित्रांनो, माझं आयुष्य आता फार उरलेलं नाही. पातं आणखी झिजलं, की एक दिवस मी पुन्हा भंगारात जाईन. त्याचं मला दुःख नाही, मी तिथूनच आले होते. पण तुमच्या घरच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला एकदा खाली काढा. धार लावून घ्या, काम झाल्यावर कोरडी पुसा, बोटभर तेल फिरवा. मंडईत एखादी अनोळखी भाजी दिसली, तर थट्टा करा हवी तर, पुणेकरांना ती सोडवणार नाही. पण थट्टा झाल्यावर थोडी विकत घ्या आणि करून बघा. आणि ज्याच्याशी तुमचं बोलणं तुटलं आहे, त्याच्यासाठी एकदा काहीतरी आपल्या हातानं रांधा. हाक मारायला शब्द सापडत नसतील, तर वाटी पुढे करा.

आता मला जाऊ द्या. मालनबाई सध्या मला चौरंगावर मांडून खुर्चीवरूनच चिरते, आणि आज जेवायला रावसाहेब यायचा आहे. मीठ बेताचंच घालायला सांगितलंय डॉक्टरांनी, पण तो शकूच्या नकळत चिमूटभर मागणार, आणि मालनबाई देणार नाही.